गांवानें दिलेलें द्वारशिल्प

सातपूरच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरांत पांडवलेणीं आहेत. त्या २४ लेण्यांपैकीं १८ व्या क्रमांकाचें लेणें चैत्यगृह असून त्याचा काल सामान्यतः इ. स. पू. पहिलें शतक मानतात. त्याच्या द्वारावर ब्राह्मी लिपींतील अवघ्या तीन पदांचा प्राकृत लेख आहे. त्याचा अर्थ, नासिककांच्या धंभिक गांवाचें हें दान. स्थानावरून पाहतां दान दर्शनी कोरीव कामाचें दिसतें. त्यांत राजाचें वा अमात्याचें नांव नाहीं. दाता सबंध गांव. आंतील खांबांवरील लेखांत भटपालिका नामक स्त्रीनें चैत्यगृह पूर्ण करविल्याचें सांगितलें आहे. सर्वांच्या दृष्टीस पडणारी ही कला अनेकांच्या दानांतून सिद्ध झाली, हें ह्या लेखांमुळेंच कळतें.

सांप्रत शहरांत रस्त्यांलगतच्या भिंतींवर चित्रें काढण्याची चाल पडली आहे. हीं चित्रें रंगाचीं. नवा रंग चढला कीं जातात. यास्तव संग्राहकांस विनंती कीं, छायाचित्र घेतांना चित्राखालीं चितारी, दाता व साल यांचा मजकूर असल्यास तोहि अक्षरशः उतरून, जागेच्या नोंदीसह आपल्या दप्तरांत ठेवावा.