स्वस्त हत्यारांचा टिकाऊपणा

स्वस्त हत्यारांचा टिकाऊपणा हा कार्यशाळा, शेती आणि घरगुती दुरुस्ती या तिन्ही क्षेत्रांशी निगडित असलेला विषय आहे. पाना, पक्कड, पेचकस, हातोडा, कानस, छिन्नी, करवत यांसारखी हातहत्यारे आणि विजेवर चालणारी ड्रिल व ग्राइंडर यांसारखी यंत्रे बाजारात अत्यंत भिन्न किमतींना मिळतात. हत्याराचे आयुष्य केवळ किमतीवर ठरत नाही. धातूची जात, त्याला दिलेले ‘पाणी’, वापराची वारंवारता आणि दुरुस्तीची सोय या चार गोष्टींवर ते अवलंबून असते. अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात एकच पाना मोटारपंप, फवारणी पंप, ट्रॅक्टर आणि सायकल या सर्वांसाठी वापरला जातो. तेथे या प्रश्नाचा संबंध थेट उपजीविकेशी येतो.

धातू आणि ‘पाणी’

पोलादाचा कठीणपणा मुख्यतः त्यातील कर्बाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. ०.२५ टक्क्यांहून कमी कर्ब असलेले मृदू पोलाद तापवून विझवले तरी फारसे कठीण होत नाही. धारेच्या हत्यारांसाठी साधारणपणे ०.६ ते १.४ टक्के कर्बाचे पोलाद लागते. चांगल्या पान्यांसाठी क्रोमियम व व्हॅनेडियम मिसळलेले मिश्रपोलाद वापरतात.

योग्य धातू निवडल्यावर त्याला तापवून पाण्यात किंवा तेलात विझवतात. या क्रियेला लोहारकामात ‘पाणी देणे’ म्हणतात. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासे होते, त्यामुळे भट्टीतील तापमानाचा अंदाज घेण्यासाठी चुंबकाचा उपयोग होतो. विझवलेले पोलाद कठीण असले तरी ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा मंद तापवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर या वेळी रंग उमटतात. सुमारे २३० अंशांना गवतासारखा पिवळा, तर ३०० अंशांच्या आसपास निळा रंग दिसतो. पिवळ्या रंगावर थांबवलेली धार कठीण राहते, निळ्या रंगापर्यंत नेलेला धातू अधिक चिवट होतो.

स्वस्त हत्यारांत काटकसर होते ती बहुधा याच टप्प्यात, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. वरचा चकचकीत मुलामा आतील धातूविषयी काहीही सांगत नाही. पाणी कमी पडले तर पान्याचे तोंड फाकते आणि पेचकसाचे टोक पिळले जाते. पाणी जास्त झाले तर छिन्नीचा टवका उडतो.

लोहाराकडील हत्यारे

शेतीच्या हत्यारांत स्वस्ताई आणि टिकाऊपणा पुष्कळदा एकत्र नांदतात. विळा, खुरपे, कुऱ्हाड, वखराची व डवऱ्याची पास ही अवजारे गावातील लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी किंवा गाडीलोहार घडवीत आले आहेत. घिसाडी समाजाचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. ट्रकच्या निकामी कमानपट्ट्यांचे पोलाद या कामासाठी उपयोगी पडते. ते मुळात स्प्रिंगसाठी बनवलेले असल्याने त्यात कर्ब पुरेसा असतो आणि ते पाणी चांगले घेते.

अशा हत्याराचे खरे बळ त्याच्या दुरुस्तीत असते. बोथट झालेली पास पुन्हा तापवून, ठोकून ‘शेवटता’ येते आणि विळा पाजवता येतो. बनवणारा हाताशी असल्यामुळे एका हत्याराला अनेक आयुष्ये लाभतात. याउलट मृदू पत्र्यापासून कापून काढलेले व रंग दिलेले स्वस्त खुरपे एकदा वाकले की टाकून देण्यापलीकडे उपाय उरत नाही. ठोकणारा लोहार गावातून नाहीसा झाला, तर चांगल्या हत्याराचे आयुष्यही आपोआप घटते.

दांड्याचाही विचार येथे आवश्यक ठरतो. बाभूळ, तिवस व धावडा यांचे लाकूड अवजारांसाठी उपयुक्त मानले जाते. खामगाव, मलकापूर, नांदुरा या सखल भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कोरड्या हवेने लाकूड आकसते आणि हातोड्याचे किंवा कुऱ्हाडीचे डोके सैल होते. ते पाण्यात भिजवल्यास लाकूड तात्पुरते फुगते, परंतु सुकल्यावर पुन्हा सैल पडते. नवी पाचर ठोकणे हाच योग्य उपाय होय.

कारखान्यांतील हातहत्यारे

भारतात पंजाबमधील जालंधर व लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही हातहत्यारांच्या निर्मितीची परिचित केंद्रे आहेत. महाराष्ट्रात नाशिक येथे टपारिया कंपनीचा कारखाना आहे. भारतीय मानक ब्यूरोने हातहत्यारांसाठी स्वतंत्र मानके ठरवली आहेत. हातोड्यांसाठीचे आयएस ८४१ व दुतोंडी पान्यांसाठीचे आयएस २०२८ ही त्यांची उदाहरणे होत. मानकांत मापे, कठीणपणा व चाचण्या यांची तरतूद असते.

ठोकून घडवलेले हत्यार आणि ओतीव हत्यार यांतील फरकही महत्त्वाचा आहे. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, पण आघाताने तडकते. त्यामुळे ओतीव शेगडा हलक्या कामात दीर्घकाळ टिकतो, मात्र त्यावर घण मारल्यास त्याचा जबडा तुटू शकतो.

विजेवर चालणारी यंत्रे

हातहत्यारापेक्षा यंत्रात काटकसरीच्या जागा अधिक असतात. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचे वेष्टन, बॉल बेअरिंगऐवजी साधे बुश, धातूऐवजी प्लास्टिकचे दाते या बदलांमुळे किंमत उतरते. अशी यंत्रे थोडा वेळ चालवून थंड होऊ दिल्यास पुष्कळ काम देतात, पण सलग वापरात तापून निकामी होतात. ग्रामीण भागातील कमी-जास्त होणारा विद्युतदाब मोटारीचे आयुष्य आणखी घटवतो. कार्बन ब्रश झिजणे स्वाभाविक असते. ते बदलून मिळतात की नाही, याची चौकशी खरेदीपूर्वीच करणे हिताचे ठरते.

ड्रिलच्या पात्यांत साधे कर्बपोलाद आणि हाय स्पीड स्टील असा भेद असतो. पहिले सुमारे २५० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, तर दुसरे ६०० अंशांच्या आसपासही कठीणपणा टिकवते. सोनेरी रंग हा मूळ धातूच्या प्रतीचा पुरावा नव्हे.

खर्चाचा हिशेब

समजा, १२० रुपयांचा पाना २ वर्षे टिकला आणि ३०० रुपयांचा १० वर्षे टिकला, तर पहिल्याचा वार्षिक खर्च ६० रुपये व दुसऱ्याचा ३० रुपये येतो. हा हिशेब रोज काम करणाऱ्या कारागिराला लागू पडतो. वर्षातून चार वेळा पाना हाती घेणाऱ्या घरात स्वस्त पानाही १० वर्षे टिकू शकतो, आणि तेथे महागडी खरेदी अनाठायी ठरते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, सोनार यांच्यासह १८ व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. ही रक्कम बेताची असल्याने ती अनेक स्वस्त हत्यारांवर खर्च करावी की मोजक्या चांगल्या हत्यारांवर, हा निर्णय महत्त्वाचा असतो. चांदीच्या व्यवसायामुळे ‘रजतनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावचे उदाहरण येथे बोलके आहे. चांदीवर हातोडीच्या तोंडाचा प्रत्येक ओरखडा उमटतो. त्यामुळे या कामात गुळगुळीत व कठीण तोंडाची हातोडी हवी, मात्र चिमटा किंवा पेटी साधी असली तरी चालते.

सुरक्षितता

टिकाऊपणाचा प्रश्न काही ठिकाणी शरीराच्या सुरक्षिततेचा असतो. हातोड्याच्या तोंडाचा उडालेला टवका डोळा घालवू शकतो. फाकलेला पाना नटावरून निसटल्यास बोटे फुटतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. चकतीवरील मुदतही पाहावी लागते. विजेच्या यंत्रात विद्युतरोधन सदोष असल्यास धक्क्याचा धोका संभवतो. अशा हत्यारांत किमतीची काटकसर टाळणे इष्ट ठरते.

पारख आणि निगा

हत्याराच्या सहसा न दिसणाऱ्या भागावर जुनी, चांगली कानस हलकेच फिरवून पाहण्याची पद्धत आहे. कानस सहज चावली तर धातू मऊ आहे, ती घसरली तर कठीण. पान्याचे तोंड नटावर घट्ट बसते का, पकडीचे दोन्ही जबडे प्रकाशाकडे धरल्यास पूर्ण मिटतात का आणि दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने जातात का, हेही पाहिले जाते.

वापरानंतर घाम व माती पुसून तेलाचा पातळ हात फिरवल्यास पावसाळ्यात गंज चढत नाही. पेचकसाचा छिन्नीसारखा आणि पान्याचा हातोड्यासारखा वापर केल्यास उत्तम हत्यारही लवकर बाद होते. वारंवार वापराची, आघात सोसणारी आणि इजा करू शकणारी हत्यारे चांगल्या प्रतीची, तर क्वचित वापराची व कमी भाराची हत्यारे स्वस्त घेणे, हा या विषयातील व्यवहार्य नियम होय.