पोटातला कोळसा आणि पुढचे शतक

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी १८६५ साली कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. ब्रिटनचा कोळशाचा खप दरसाल साडेतीन टक्क्यांनी वाढत होता. हाच वेग राहिला तर १९६१ साली सुमारे २६० कोटी टन कोळसा लागेल, असा त्यांचा हिशेब होता. इतका कोळसा मिळणे अशक्य, तेव्हा देशाची भरभराट थांबणार, ही त्यांची धास्ती. (हे गृहस्थ टंचाईच्या भयाने लिहिण्याच्या कागदाचेही ढीग साठवीत, अशी आठवण केन्स यांनी नमूद केली आहे!) प्रत्यक्षात १९१३ साली सुमारे २९ कोटी टनांवर ब्रिटनचे उत्पादन शिखरास पोचले आणि पुढे उतरत गेले. तेल आले, वायू आला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले. भूगर्भात कोळसा मात्र अजून शिल्लक आहे.

हे आठवण्याचे कारण आजचे हवामानशास्त्र. पृथ्वी किती तापेल हे सांगण्याआधी माणूस किती इंधन जाळील, हे गृहीत धरावे लागते. २०११ साली मांडलेल्या 'आरसीपी ८.५' या सर्वांत तप्त चित्रात शतकाअखेरपर्यंत कोळशाचा वापर सुमारे पाचपट धरलेला होता. पण भूगर्भात असलेला कोळसा आणि परवडेल अशा खर्चात हाती येणारा कोळसा यांत महदंतर आहे. विहिरीत पाणी असले तरी दोर पुरला पाहिजे. २०१७ साली रिची व दौलताबादी या अभ्यासकांनी नेमक्या याच गृहीतकावर बोट ठेवले. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालानेही अशा चित्राची शक्यता कमी मानली.

आम्ही पडलो भाषेचे विद्यार्थी. आम्हांस खटकते ते हे, की शास्त्रज्ञांचे वाक्य संकेतार्थी होते, 'इतके जाळले तर इतके तापेल'. वृत्तपत्रांत येईतो त्यातील 'तर' गळाला आणि नुसता भविष्यकाळ उरला.

तथापि, इंधनच अपुरे, मग चिंता कशाची, असे म्हणणाऱ्यांचा तर्क आम्हांस त्याहून घातक वाटतो. तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवायची तर ज्ञात साठ्यांपैकी कोळशाचा ८० टक्क्यांहून अधिक, वायूचा निम्मा व तेलाचा एक-तृतीयांश भाग २०५० पर्यंत जमिनीतच राहिला पाहिजे, असे २०१५ च्या एका अभ्यासाने दाखविले. म्हणजे अनर्थास पुरेल इतके इंधन आजही हाताशी आहे. त्याच २०२१ च्या अहवालातील मध्यम चित्रसुद्धा शतकाअखेर सुमारे २.७ अंशांची वाढ दाखविते, आणि त्यासाठी पाचपट कोळसा लागत नाही.