बेगमपेट : धावपट्टीच्या नजरेपुढे

कोरपन्याहून आदिलाबादचा रस्ता धरला, की पुढे तो हैदराबादेतच पोचवतो. जुन्या माणसांना यात नवल वाटायचे नाही. कोरपना ज्यात मोडायचे तो राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरच्या पदरात पडला. त्याआधी राजधानी हैदराबाद, आणि राजधानीचे विमानतळ बेगमपेट.

बेगमपेट म्हणजे हैदराबादच्या एरो क्लबचे मैदान. दुसऱ्या महायुद्धात तिथे हवाई दलाची प्राथमिक उड्डाणशाळा भरली. शिकवायला होते टायगर मॉथ : पंखांच्या दोन जोड्या, त्यांच्या लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड, १३० अश्वशक्तीचे इंजिन, ताशी जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरचा वेग. पुढेमागे दोन उघड्या बैठका, त्यांत गुरू-शिष्य. गुरूचा आवाज शिष्याच्या कानात पोचायचा तो रबरी नळीतून! इथे हात बसला की पोरे पुढच्या शिक्षणासाठी अंबाल्याला जात.

निजामाचा पैसा मात्र या मैदानाच्या फार पलीकडे उडत होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची डीएच-९ए विमाने त्याच्या देणगीची. त्यांतले एक जर्मनांच्या हाती लागले, बर्लिन-पोलंड असा प्रवास करून परतले आणि आज लंडनच्या हेंडन संग्रहालयात उभे आहे. दुसऱ्या युद्धात १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हैदराबादचे नावच मिळाले. तिच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी होती. १९४३ च्या अखेरीस तिची स्पिटफायर विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली.

त्याच आघाडीवर करुण कृष्ण मजुमदार, म्हणजे भारतीय हवाई दलाचे ‘जंबो’, आधीच नाव कमावून बसले होते. लायसँडर हे टेहळणीचे मंद विमान. १९४२ मध्ये त्यालाच बाँब लटकवून त्यांनी जपानी तळांवर हल्ले चढवले आणि डीएफसी पदक मिळवले. पुढे लढायला मिळावे म्हणून हुद्दा उतरवून घेऊन ते युरोपात गेले, नॉर्मंडीवर उडाले. पदक दुसऱ्यांदा मिळाले. हा मान दुसऱ्या कुणा भारतीय वैमानिकाला लाभला नाही. जपानी आणि जर्मन तोफांतून सुटलेला हा माणूस १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरला हरिकेनच्या कसरती करताना कोसळला. वय अवघे ३१.

लाहोरच्या त्या अपघाताची आठवण बेगमपेटला होते, ती ३ मार्च २०१० मुळे. नागरी विमाने दोन वर्षांपूर्वीच शमशाबादला गेली होती. बेगमपेटच्या आभाळात आता प्रदर्शनापुरतीच गर्दी व्हायची. त्या दिवशी गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरचा नौदलाचा ‘सागर पवन’ चमू कसरती करत होता. विमाने किरण, म्हणजे मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेली, दोघांनी शेजारी-शेजारी बसायची. त्यांतले एक प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत खाली आले आणि बोवेनपल्लीतल्या एका इमारतीवर आदळले. कमांडर सुरेश मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर जागीच गेले.

बेगमपेट शांत झाले म्हणावे, तर तसेही नाही. विमानांची प्रदर्शने आजही तिथेच भरतात, आणि कसरतींच्या वेळी आजूबाजूच्या गच्च्या माणसांनी भरून जातात.