पर्वतावरील कुरणें आणि हवेंतील नत्र

द्विदल धान्याचा बेवड पुढील पिकास मानवतो, हें आपल्याकडील कोणताहि शेतकरी सांगेल. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु असूनहि वनस्पतींना तो स्वतः होऊन घेतां येत नाहीं. हरभरा, तूर, वाटाणा यांच्या मुळांवरील बारीक गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु तें काम करितात. १८८६ सालीं जर्मनींत हेलरीगेल यानें ही गोष्ट विद्वानांपुढें मांडली. दोनच वर्षांनीं हॉलंडांत बायेरिंक यानें तो जंतु वेगळा काढून दाखविला. फुलोऱ्यावर आलेलें हरभऱ्याचें रोप मातीसकट हळूच उपटावें व गांठ नखानें चिरावी, म्हणजे आंत लाली दिसते. आपल्या रक्तास रंग देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचें द्रव्य तेथें असतें! घरांतील मुलांना हें अवश्य दाखवावें.

शेतांत हें ठीक. पण वर्षांतील बरेच महिने बर्फाखालीं असणाऱ्या आल्प्स पर्वताच्या कुरणांत काय होत असेल? तेथें थंडीमुळें पालापाचोळा लवकर कुजत नाहीं, आणि त्यांतील नत्र कुलुपांत घातल्यासारखें पडून राहतें. जंतूहि गारठत असतील, असा तर्क कोणीहि करील. परंतु स्वित्झर्लंडांतील संशोधकांनीं ९०० पासून २,७७० मीटर उंचीपर्यंतच्या कुरणांतील शेंगवर्गीय वनस्पति तपासल्या, व २००० सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या आपलें अर्ध्याहून अधिक नत्र अगदीं वरच्या टोकालाहि हवेंतूनच मिळवितात! त्यांतील क्लोव्हर ही आपल्या बरसीम घासाची बहीणच होय. कारखान्यांत हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्यास चारशें अंशांवर उष्णता व प्रचंड दाब लागतो. येथें तेंच कार्य थंडगार मातींत, साखरेच्या मजुरीवर चालतें. ही मजुरी भारी पडते. म्हणून जमिनींत नत्र पुरेसें असलें कीं क्लोव्हर जंतूंचें काम कमी करिते. तिचीं पानें-मुळें कुजलीं म्हणजे शेजारच्या गवतालाहि वांटा मिळतो, आणि त्या गवतावर गाई पोसतात.

हिरवा आल्डर नांवाचें झुडूप मात्र असा हात आंखडीत नाहीं. त्याच्याहि मुळांवर गांठी असतात. आंतील जंतु निराळा, फ्रँकिया नांवाचा. पूर्वीं गांवकरी जळणासाठीं हें झुडूप तोडीत व गुरें चारून कुरण मोकळें ठेवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उतारावरची चराई पुष्कळ ठिकाणीं सुटली, आणि ऊर्सेरेनसारख्या खोऱ्यांत आल्डरनें कुरणें व्यापिलीं. त्याखालीं नत्र इतकें सांचतें कीं नानारंगी फुलझाडें नाहींशीं होऊन मोठ्या पानांच्या थोड्याच वनस्पति उरतात. शिवाय जास्तीचें नत्र पाण्याबरोबर झिरपून जातें. दुष्काळी भूमीला एकाएकीं अजीर्ण व्हावें, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

कुऱ्हाड चालवावी, तर बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. एंगाडीन जातीच्या मेंढ्या मात्र ह्या झुडपाची साल आवडीनें सोलून खातात, व त्यामुळें तें वाळतें. म्हणून स्वित्झर्लंडांत अशा उतारांवर ह्या मेंढ्या सोडून पाहण्यांत आल्या आहेत.