'परिंदा'तला अण्णा आगीला का भितो?

जळोचीत संध्याकाळी शिकायला येणारी मुलं वह्या उघडायच्या आधी मोबाइलवर काहीतरी बघत असतात. परवा 'परिंदा'तला एक तुकडा चालू होता. आग दिसली की नाना पाटेकरांचा अण्णा थरथर कापतो. मुलं खूप हसली. नववीतल्या एकानं मात्र विचारलं, "सर, एवढी माणसं मारणारा आगीला का भितो?"

प्रश्न मोलाचा होता. म्हटलं, आज गणित थोडं उशिरा.

विधू विनोद चोप्रांचा हा सिनेमा 1989 चा. मुंबईच्या गुन्हेगारी जगावरचा आणि बराच हिंसक, त्यामुळे लहानग्यांना दाखवू नयेच. नानांना यातल्या कामासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अण्णा वरवर तेलाचा कारखानदार, आतून टोळीचा म्होरक्या. त्याची बायको आणि मुलगा आगीत गेलेले. लोकांना वाटतं, बिचारा त्या दुःखानं आगीला भितो. पण त्या दोघांना त्यानंच जाळलेलं असतं. आग त्याला त्याचा गुन्हा दाखवते.

आपल्या घरात 'नियत' हा शब्द रोज ऐकू येतो. खलनायकाची नियत ओळखायची तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नये. तो काय लपवतो, कशाला भितो आणि त्याच्या फायद्याची किंमत कोण मोजतं, हे बघावं. अण्णाला ही तीन मापं लावा. लपवतो खून. भितो आगीला. किंमत मोजतात घरचे आणि त्याच्यावर विसंबलेले लोक. आम्हाला वाटतं, सत्तेच्या आड कुणाचीही माया येऊ नये, अगदी पोटच्या मुलाचीही, हीच त्याची खरी नियत.

आता किशनकडे बघा. जॅकी श्रॉफचा किशन अनाथ. धाकट्या भावाला, करणला, वाढवायला तो अण्णाच्या टोळीत शिरतो. इथे मुलं लगेच म्हणाली, "मग त्याचं काय चुकलं, सर?" आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले: कारण आणि समर्थन. भूक हे कारण आहे, ते समजून घ्यावं, पण त्यानं मारलेल्या माणसाच्या घरी जाऊन ते सांगता येईल का? ज्या भावासाठी हे सगळं केलं, त्याच करणला शेवटी अण्णा मारतो. मग किशन अण्णाला आगीतच संपवतो. आपण टाळ्या वाजवतो, पण सूड घेऊन करण परत येत नाही.

एक गोष्ट आणखी. अण्णाचा एक माणूस अब्दुल. बासरी वाजवतो आणि खूनही करतो. सिनेमात असं नाव आलं की वर्गात आपल्या मुलांकडे माना वळतात, हे आम्ही पाहिलंय. मुलं घरी सांगत नाहीत, गप्प होतात. त्यांना सांगा, या सिनेमात मालक अण्णा आहे आणि नोकर अब्दुल, दोघं एकाच धंद्यात. नावावरून जात कळेल, नियत कळत नाही. हाच नियम आपणही दुसऱ्यांच्या नावांना लावायचा, बरं का.

मोबाइल हिसकावून घेतला तर मुलं गच्चीवर जाऊन बघतील. त्यापेक्षा मोठ्या मुलांसोबत अम्मी-अब्बूंनी एखादवेळी बसावं आणि नंतर चहा पिताना विचारावं, "याला खरंच काय हवं होतं रे? आणि भोगलं कुणी?"

त्या नववीतल्या मुलानं जाताना चप्पल घालता घालता विचारलं, "सर, अण्णानं कुणाला खरं सांगितलं असतं, तर त्याची भीती गेली असती का?" उत्तर आम्ही दिलं नाही. घरी विचारून ये, म्हटलं.