चालू होते, पण टिकत नाही: दोन सेकंदांत बंद पडणाऱ्या इंजिनाचं दुखणं कसं शोधायचं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की गाडीच्या दुखण्यावर एखादा भाग करा ना. करणार होतोच, पण गाडीनेच आधी माझा भाग केला. तो किस्सा आणि त्यातून शिकलेलं सगळं आज सांगतो. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून देतोय.

तर गाव इन्सुली. सावंतवाडी आणि बांदा यांच्या मधलं. गोव्याला जाताना चेकनाक्यावर थांबला असाल तर नाव ओळखीचं असेल. सकाळचे साडेपाच. बाबांना बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजमध्ये न्यायचं होतं. हृदयाच्या तपासणीची तारीख, बऱ्याच दिवसांनी मिळालेली. आमच्याकडच्या कितीतरी घरांना ही वाट पाठ आहे.

गाडी आमची बारा वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी. पावसात तीन आठवडे पडवीच्या बाजूला उभी होती. सेल्फ मारला, लगेच चालू झाली. मी खूश. एक, दोन... आणि बंद. परत मारला. चालू. परत बंद. दहा-बारा वेळा हेच. बाबा पुढच्या सीटवर फाइल मांडीवर घेऊन गप्प बसलेले. ते काही बोलत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त ताण येत होता.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला. तो झोपेतच म्हणाला, "पेट्रोलचा पंप गेला असणार, बदलावा लागेल." गाडी न बघता! मग आमच्या मेस्त्रींना लावला. ते काय म्हणाले?

"आधी सेल्फ मारूचो बंद कर. बॅटरी मारशीत. पंप बदलूचो की नाय ता मगे बघू. आता माका सांग, ॲक्सिलेटर दाबून धरलंस तर रवता काय?"

मंडळी, सगळं निदान या एका प्रश्नात आहे. का, ते समजून घेऊ.

आधी एक गोष्ट पक्की करा

इंजिन चालू होतं याचा अर्थ बॅटरी, स्टार्टर, ठिणगी आणि थोडंफार पेट्रोल या चारही गोष्टी निदान दोन सेकंदांपुरत्या तरी आहेत. म्हणजे "चालूच होत नाही" आणि "चालू होऊन बंद पडते" ही दोन वेगळी दुखणी आहेत. मेस्त्रींना फोन करताना यातलं नेमकं काय होतंय ते सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

चालू राहायला इंजिनाला तीन गोष्टी सतत लागतात: हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी. साध्या पेट्रोलसाठी हवा-पेट्रोलचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १. हे प्रमाण गाडीचा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सेन्सर वाचून सांभाळतो. यातलं एक बिघडलं की इंजिन गुदमरतं किंवा उपाशी मरतं.

पाच प्रश्न, खिशातून एक रुपया न काढता

पहिला: डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का? इंजिन दर वेळी तेवढ्याच एक-दोन सेकंदांनी बंद पडत असेल आणि हे चिन्ह लुकलुकत असेल, तर संशय इमोबिलायझरवर. किल्लीच्या आतली चिप गाडीने ओळखली नाही की ती चोर समजून पेट्रोल तोडते. घरात दुसरी किल्ली असेल तर ती लावून बघा.

दुसरा: पंपाचा आवाज येतो का? इथे तुम्ही ऐकणारी माणसं कामाला येणार! कानातले इअरफोन काढा, पंखा-रेडिओ बंद करा. किल्ली फक्त "ऑन" करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक "झूंऽऽ" असा आवाज आला, तर पंपाला वीज मिळतेय आणि तो फिरतोय. मात्र आवाज आला म्हणजे दाब पुरेसा आहे असं नाही. तो गेज लावूनच कळतो. अजिबात आवाज नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले बघा. पंप त्यानंतर.

तिसरा: ॲक्सिलेटर हलका दाबून धरला तर टिकते का? टिकली आणि पाय काढताच बंद पडली, तर पेट्रोल बहुतेक नीट येतंय, गडबड आयडलच्या हवेत आहे. पाय काढलेला असताना इंजिनाला लागणारी थोडीशी हवा मिळत नाही, किंवा फाटलेल्या रबरी नळीतून नको तिथून शिरते. दुसरीकडे, दाबूनही आचके देत मेली तर पेट्रोलकडे बघा: तुंबलेला फिल्टर, कमी दाब, टाकीत पाणी.

चौथा: थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? फक्त सकाळी थंड असताना त्रास असेल, तर तापमानाचा सेन्सर किंवा आयडलची हवा. अर्धा तास चालून गरम झाल्यावर अचानक बंद पडून थंड झाल्यावर परत चालू होत असेल, तर क्रँक सेन्सरचा नंबर वर येतो.

पाचवा: मधल्या काळात गाडीला काय झालं? किती दिवस उभी होती? पेट्रोल कुठे भरलं? बॉनेटखाली उंदीर शिरला का? आपल्या कोकणात हा प्रश्न सोडूच नका. पावसात उंदराला इंजिनाची ऊब आवडते आणि वायरीचं आवरणही आवडतं. दमट हवेने बॅटरीच्या आणि अर्थिंगच्या टोकांवर गंज चढतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप तर तळातूनच ओढतो.

मग आमच्या गाडीत काय सापडलं?

मी पाय दाबून धरला. गाडी टिकली! "होय मेस्त्री, रवता. पाय काढलो की बंद."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग प्रश्न आला, "मधी बॅटरी काढल्लंस काय?"

काढली होती! तीन आठवडे गाडी उभी राहणार, बॅटरी उतरू नये म्हणून मीच टर्मिनल सोडून ठेवलं होतं आणि पहाटे परत लावलं होतं. डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजल्याचं दाखवत होतं, तेही दिसलं होतं. पण मी शहाणपणा केला होता ना, त्याचा दोषाशी संबंध असेल हे डोक्यात आलंच नाही.

झालं होतं ते असं. थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप. वर्षानुवर्षं तिच्या कडेला काजळी साचते आणि हवेची फट हळूहळू बारीक होते. ईसीयू हे शिकत जातो आणि झडप केसभर जास्त उघडून भरपाई करतो. आपल्याला काहीच कळत नाही. बॅटरी काढली की हे शिकलेलं पुसलं जातं. ईसीयू परत कारखान्यातून आल्यासारखा झडप कमी उघडतो, पण काजळी तर तिथेच! थंड इंजिनाला तर हवा जास्त लागते. ती मिळाली नाही, इंजिन गुदमरलं.

मग तसंच पाय दाबून गेलो का?

मोह झाला. तारीख चुकणार होती. मेस्त्रींनी सरळ नाही सांगितलं, आणि हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांतच संपतो, मग ब्रेक दगडासारखा लागतो. घाटात किंवा हायवेवर ट्रकच्या पुढे हे झालं तर? शेजारच्या काकांना उठवलं. ते एका शब्दाने निघाले. बाबा वेळेत पोचले, तपासणी झाली.

संध्याकाळी मेस्त्री आले. त्यांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला. बीएस-४ च्या नंतरच्या काळातल्या आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना हे सॉकेट असतं, आणि ॲप फोनवर चालतं. कोड एकही नाही! कारण बॅटरी काढल्यावर साठलेले कोडही पुसले जातात. म्हणून कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नका. आणि कोड आला तरी लगेच पार्ट बदलू नका. उदाहरणार्थ पी-०१७१ एवढंच सांगतो, की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. नळी फाटलीय, फिल्टर तुंबलाय की सेन्सर चुकतोय, ते आपणच शोधायचं.

मग हवेची नळी सोडून झडप पाहिली. कडेला काळं कडं. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसून काढलं. बॅटरी चांगली चार्ज केली. गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आयडल परत शिकवलं. सुई ८०० च्या आसपास स्थिर. खर्च झाला क्लीनरच्या डब्याचा आणि मेस्त्रींच्या चहाचा. मजुरी त्यांनी घेतली नाही. पंप आहे तोच आहे.

घरी करणाऱ्यांसाठी तीन सूचना. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर तुटतात. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारू नका. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीच नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

जाताना मेस्त्री म्हणाले, "गाडी सगळा सांगता, आपण आयकूक व्हया."

तुमची गाडी अशी बंद पडली असेल, तर वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा जो गाडी गावाला ठेवून मुंबईला गेलाय आणि गणपतीलाच परत येणार आहे. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!