टारफुल्याचा भाऊबंद

भोर-वेल्ह्यातल्या उघड्या माळांवर पाऊस ओसरला की भुईगेंदाचे काटेरी गोळे जमिनीला चिकटून दिसू लागतात. त्यांच्या आसपास कधीकधी वीतभर उंचीचे, जांभळट तपकिरी, मांसल दांडे उभे असतात. पाने म्हणावीत तर नुसते खवले, हिरवेपणा जवळजवळ नाहीच. फुले फिकट जांभळी, त्यांची नळी वरच्या टोकाशी वाकलेली. बुडाशी हलक्या हाताने उकरले की भुईगेंदाच्या मुळावर एक ठसठशीत गाठ लागते. दांडा त्या गाठीतून वर आलेला असतो. वनस्पतिशास्त्रात याला स्ट्रायगा जेस्नेरिऑयडीस म्हणतात. ज्वारीच्या रानातले टारफुला हे परजीवी तण याचेच भाऊबंद.

या भाऊबंदांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. त्यातल्या एकाला लिनियसने 1753 मध्ये ब्युक्नेरा एशियाटिका म्हटले. स्ट्रायगा ही प्रजाती लुरेरोने 1790 मध्ये वेगळी केली. आपल्याकडचा मोठा टप्पा थिओडोर कुक यांचा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या या माणसाने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात सिद्ध केला, आणि माळावरचा जांभळा दांडा त्यात स्ट्रायगा ऑरोबँकॉयडीस या जुन्या नावाने आला. पुढे फादर सांतापाव यांनी भोरच्या शेजारचा पुरंदर 1944 ते 1956 अशी बारा वर्षे पिंजून काढला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालयही 1955 मध्ये पुण्यातच सुरू झाले. दरम्यान झाडाचे कूळ बदलले: स्क्रोफ्युलॅरिएसीतून ते ऑरोबँकेसीत गेले.

जाती ओळखायची युक्ती मात्र तीच राहिली. भिंग घ्यायचे आणि फुलाच्या हिरव्या पेल्यावरच्या शिरा मोजायच्या. दहा असतील तर एशियाटिका, पंधरा असतील तर गवताळ रानातली पांढऱ्या फुलांची अँगुस्टिफोलिया, पाच असतील तर डेन्सिफ्लोरा किंवा माळावरचा जेस्नेरिऑयडीस. शेवटच्या दोघांत गोंधळ होत नाही, कारण डेन्सिफ्लोरा हिरवा आणि पांढऱ्या फुलांचा असतो. ज्वारीत शेतकऱ्याला छळणाऱ्या टारफुल्यांपैकी तोही एक.

छळ होतो तो जमिनीखाली. टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे, आणि एका झाडाला ते हजारोंनी. यजमान पिकाच्या मुळांतून झिरपणारे रसायन जवळ आल्याशिवाय ते उगवत नाही. मातीत दहा-पंधरा वर्षेही वाट पाहते. उगवल्यावर थोड्या दिवसांत मूळ गाठले नाही तर संपते. गाठले तर कित्येक आठवडे अंधारातच ज्वारीचे पाणी आणि अन्न ओढत राहते. टारफुला वर दिसेपर्यंत ताटे पिवळी पडून खुजी राहिलेली असतात, म्हणून नुसती खुरपणी उशिराचीच ठरते. तरी फुलण्याआधी उपटलेला बरा, निदान पुढच्या हंगामाचे बी तरी थांबते.

1956 मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात मक्याचे पीक असेच खुजे पडले. टारफुला ओळखला तो तिथे शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने! अमेरिकेने मग पैसा ओतला, विलगीकरण लावले, मातीत इथिलीन वायू सोडून बियांना फसवून उगवायला लावले आणि यजमानाविना मारले. उगवण घडवणारे रसायन, स्ट्रिगॉल, 1966 मध्ये कपाशीच्या मुळांतून वेगळे केले गेले. कपाशीवर टारफुला वाढत नाही, पण तिच्या मुळांमुळे बी उगवते आणि फुकट जाते. फेरपालटात कपाशी घेण्यामागचे कारण हेच. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने पुढे भारतात प्रतिकारक ज्वारी शोधली. एन-13 हे देशी वाण त्यात महत्त्वाचे ठरले आणि एसएआर-1 हे वाण तयार झाले.

भोरच्या पूर्वेला, किकवी-नसरापूरच्या अंगाला, ज्वारीची रानं. पश्चिमेला भात, नाचणी आणि वरी. महाराष्ट्रातच ज्वारीचे क्षेत्र घटत गेले, तशी टारफुल्याची चर्चाही घटली. पण त्याला ऊसही चालतो, हे विसरण्यासारखे नाही.

माळावरच्या जांभळ्या भावाचे इथल्या शेताशी वैर नाही. आफ्रिकेत मात्र हीच जात चवळीचे पीक बुडवते. आपल्या माळावर ती भुईगेंदावर भागवते. लोकवैद्यकात तिचा उपयोग मधुमेहावर सांगितला जातो. गुलबर्गा विद्यापीठात 1990 च्या दशकात तिच्या अर्काचा नर उंदरांच्या प्रजननक्षमतेवरचा परिणाम तपासला गेला. माणसांवर सिद्ध झालेले औषध अजून हाती नाही, तेव्हा मधुमेह्याने काढ्याच्या भरवशावर गोळ्या सोडणे धोक्याचेच. शिवाय हा दांडा कुंडीत लावता येण्यासारखा नाही. भुईगेंद हवा, आणि भुईगेंदाला माळ. त्याच माळांवर आता प्लॉटिंगच्या तारा ताणल्या जात आहेत.